दर रविवारी गॅदरिंग

शाळेचं गॅदरिंग आठवतंय ना? दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी गाणी निवडायची, मग डिसेंबरात तास बुडवून तालमी, पेटीवाल्या सरांचा चढलेला आवाज, मागच्या रांगेत नुसते ओठ हलवणारी चार मुलं, आणि एका संध्याकाळी सात-आठ मिनिटांत सगळा खेळ खलास. की पुढच्या वर्षापर्यंत निवांत.

आता कल्पना करा की हे गॅदरिंग दर रविवारी आहे. सकाळी सात वाजता. दर वेळी वेगळं गाणं, वीस-पंचवीस मिनिटांचं, आणि बहुतेक वेळा असं की जे मागच्या रविवारी जगात अस्तित्वातच नव्हतं. गाणारी मुलं वसतिगृहातली. समोर सगळं गाव, नगरसभेच्या मेंबरांसकट. आणि गाणं लिहिणारे, बसवणारे, गाऊन घेणारे सर एकच.

हे खरोखर घडलेलं आहे, मंडळी. मे १७२३ ते जून १७२४. गाव लाइपझिग, तेव्हाच्या सॅक्सनीतलं. शाळा सेंट थॉमस चर्चची, म्हणजे जर्मनमध्ये थोमासशूल. आणि गाण्याचे सर, योहान सेबास्टियन बाख.

बाख म्हटलं की डोळ्यासमोर विग घातलेला, कपाळाला आठ्या पाडलेला एक गृहस्थ येतो आणि आपण जरा सावरून बसतो. तो लेख हा नव्हे. त्याच्या संगीताची थोरवी सांगणारे लोक पुष्कळ आहेत, त्यात मी पामर काय भर घालणार? मला त्या वर्षाकडे पाहिलं की एक प्रोजेक्ट दिसतो. दर आठवड्याला रिलीज, टीम अर्धीकच्ची, क्लायंट खडूस, आणि सुट्टीच्या सीझनला काम तिप्पट. ओळखीचं वाटतंय का? :)

मुळात हा माणूस त्या नोकरीवर आला कसा, तिथपासून सुरुवात करू. जून १७२२ मध्ये आधीचे कँटर (म्हणजे शाळेचे संगीतशिक्षक अधिक गावातल्या चर्चसंगीताचे प्रमुख) योहान कुनाउ वारले. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान. तो त्या काळचा सुपरस्टार. त्याने लाइपझिगची ऑफर घेतली, हॅम्बर्गला परत गेला, तिथे पगार वाढवून घेतला आणि तिथेच राहिला. (तीनशे वर्षांत काहीही बदललेलं नाही.) मग ग्राउपनर. त्याला त्याच्या डार्मश्टाटच्या राजाने सोडलंच नाही. आजच्या भाषेत, रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही. मग तिसरा नंबर बाखचा. ७ फेब्रुवारी १७२३ ला त्याने स्वतःच्या रचना सादर करून परीक्षा दिली आणि २२ एप्रिलला निवड झाली. सभेच्या चर्चेत प्लात्झ नावाच्या मेंबराने मत नोंदवलं होतं की उत्तमातला माणूस मिळत नसेल तर मध्यम घ्यावा लागेल. हे वाक्य बाखच्या प्रत्येक चरित्रात येतं आणि प्रत्येक जण त्या बिचाऱ्या प्लात्झला हसतो. पण त्याच्या बाजूनेही पाहा. नगरसभेला हवा होता एक मास्तर, जो पोरांना लॅटिन शिकवेल, शिस्त लावेल आणि रविवारी गाणं करून घेईल. बाखकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. ऑर्गन वाजवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्या पदाच्या जाहिरातीत ऑर्गन नव्हताच.

आणि बाखच्या बाजूनेही हा सौदा विचित्रच होता. क्योथेनच्या राजदरबारात तो कापेलमाइस्टर, म्हणजे संगीतविभागाचा मुख्य होता. हाताखाली कसलेले वादक, राजा स्वतः संगीताचा शौकीन. तिथून उठून शाळामास्तर व्हायचं? २८ ऑक्टोबर १७३० ला एर्डमान या बालमित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे स्वतःच सांगितलंय की कापेलमाइस्टरचा कँटर होणं सुरुवातीला आपल्याला मुळीच रुचलं नव्हतं. मग का गेला? राजाचा संगीतातला रस ओसरत चालला होता, आणि पोरांची शिक्षणं. लाइपझिगमध्ये चांगली शाळा होती, विद्यापीठ होतं. मोठा फ्रिडेमान १२ वर्षांचा, एमान्युएल ९ वर्षांचा. दोघांना जून १७२३ मध्ये थोमासशूलमध्येच घातलं. चांगल्या शाळेसाठी बिऱ्हाड हलवणारे आईबाप आपण आजूबाजूला कमी पाहतो का? २२ मे १७२३ ला हे कुटुंब लाइपझिगला पोचलं. चार गाड्या सामान आणि दोन बग्ग्यांत माणसं, अशी वर्तमानपत्रात बातमी आहे. बाख तेव्हा ३८ वर्षांचा होता.

आता शाळा. थोमासशूलची स्थापना १२१२ ची. २०१२ मध्ये तिच्या गायकवृंदाने आठशे वर्षं साजरी केली. बाखच्या वेळी वसतिगृहात ५५ मुलं होती. बहुतेक गरीब घरची. राहणं, जेवण, शिक्षण फुकट, आणि त्या बदल्यात गायचं. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी असत, तसंच थोडंसं, फक्त इथे पानाची किंमत गळ्याने चुकवायची. रविवारी चर्चमध्ये, लग्नात, अंत्ययात्रेत, आणि ठरलेल्या वेळी गावातल्या रस्त्यांवरून दारोदार. नव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे लाइपझिगच्या ऐन हिवाळ्यात, हे दारोदार गाणं चाले. त्यात आवाज बसणार नाही तर काय होणार.

वसतिगृह, वर्ग आणि शिक्षकांची घरं एकाच इमारतीत, चर्चला लागून. बाखचं घरही तिथेच. इमारत जुनी, अपुरी, आणि मुलं दाटीवाटीने राहत, आजारपण कायमचं. तिची डागडुजी आणि वरचे मजले व्हायला १७३१-३२ उजाडलं. (१९०२ मध्ये ती पाडली. लाइपझिगला गेलात तर चर्चबाहेर बाखचा पुतळा दिसेल. त्याच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला आहे, रिकामा.) शिक्षकांच्या क्रमवारीत कँटर तिसरा, वर रेक्टर आणि उपरेक्टर. दर चौथ्या आठवड्याला त्याच्यावर वॉर्डनगिरी असे, म्हणजे पोरं उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवणे. लॅटिन शिकवणंही कँटरच्या कामात होतं. ते बाखने वर्षाला ५० थालर देऊन एका सहकाऱ्याकडे सोपवलं. जगातल्या सर्वात योग्य आउटसोर्सिंग निर्णयांपैकी हा एक असावा.

तर ही ५०-५५ मुलं. साधारण बारापासून विशीच्या आसपासची. चर्चमध्ये बायकांनी गायची पद्धत नव्हती, त्यामुळे वरचे दोन आवाज, सोप्रानो आणि आल्टो, मुलांचेच. आवाज फुटायचं वय तेव्हा आजच्यापेक्षा बरंच पुढे होतं. त्याच शाळेच्या १७२७ ते १७४९ च्या नोंदींवरून ते सोळा-सतराच्या आसपास येतं. म्हणजे एखादा मुलगा चार-पाच वर्षं सोप्रानो गाऊन चांगला तयार व्हायचा आणि मग एके दिवशी घसा दगा द्यायचा. त्यानंतर काही काळ तो संगीताच्या दृष्टीने बेंचवर.

आणि ही सगळी मुलं एका ठिकाणी गात नसत. गावात चार चर्चेस: थॉमस, निकोलाय, नवं चर्च आणि पेटर. रविवारी चारही ठिकाणी मुलं पाठवायची, म्हणून चार तुकड्या. पहिली तुकडी बाखची स्वतःची, तिच्याकडे कँटाटा. कँटाटा म्हणजे त्या रविवारच्या बायबल-पाठावर बेतलेली रचना: समूहगान, एकल गाणी, शेवटी सर्वांना ठाऊक असलेलं भजन, सोबत वाद्यवृंद. ही तुकडी एका रविवारी थॉमसमध्ये, पुढच्या रविवारी निकोलायमध्ये. दुसरी तुकडी उरलेल्या मोठ्या चर्चमध्ये एका सीनियर मुलाच्या हाताखाली, तिसरी नव्या चर्चमध्ये. आणि चौथी पेटर चर्चमध्ये, जिच्याबद्दल बाखनेच पुढे लिहिलंय की संगीत न कळणारी, साधं भजनही जेमतेम म्हणणारी मुलं तिथे जातात. प्रत्येक कंपनीत असा एक प्रोजेक्ट असतो, नाव घेत नाही.

आठवडा कसा जायचा पाहू. शब्द आधी ठरलेले असत, कारण चार-सहा रविवारच्या कँटाटांची पुस्तिका एकत्र छापून गावकऱ्यांना विकली जाई. म्हणजे स्कोप फ्रीझ. मग बाख सुरांचं लिहायला बसणार. त्याची हस्तलिखितं पाहणाऱ्या अभ्यासकांनी एक गोष्ट टिपलीय: पान भरलं की शाई वाळेपर्यंत ते उलटता येत नाही, म्हणून डोक्यात आलेला पुढचा तुकडा विसरू नये यासाठी तो पानाच्या तळाला मिळेल त्या जागेत खरडून ठेवी. मला त्याच्या सगळ्या महानतेपेक्षा हे जास्त आवडतं. माणूस घाईत आहे, शाई वाळत नाहीये.

स्कोअर झाला की नकला. सगळे सूर एकत्र लिहिलेली एकच प्रत, त्यावरून प्रत्येक गायकाचं आणि वादकाचं वेगळं पान उतरवायचं. एकेका कँटाटाला अशी डझन-दीड डझन पानांची जुळणी. झेरॉक्स नाही. तर हे कोण करणार? मुलंच. टेबलाभोवती बसून, रात्री मेणबत्तीच्या उजेडात. सोबत बाखची बायको आना माग्दालेना, जिचं अक्षर पुढे पुढे नवऱ्याच्या अक्षरासारखंच दिसू लागलं. मोठी तालीम साधारण शनिवारी, एकदाच. रविवारी सातला घंटा. चर्चमध्ये शेगडी नाही, प्रार्थना चार तास चालणार, त्यात प्रवचन एक तासाचं, आणि कँटाटा त्या प्रवचनाच्या आधी. म्हणजे डिसेंबरात थंडीने गोठलेल्या बोटांनी नुकती शाई वाळलेली पानं धरून, आयुष्यात फार तर दुसऱ्यांदा पाहिलेलं संगीत गायचं. संगीत कसलं? आज भरपूर सराव केलेले व्यावसायिक गायक ज्याला वचकून असतात, ते.

इथे जरा थांबून एक प्रश्न. हे सगळं आपल्याला इतकं नेमकं माहीत कसं? बाखने तर बहुतेक स्कोअरवर तारीख घातलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात फिलिप श्पिटा नावाच्या विद्वानाने बाखचं दोन भागांचं मोठं चरित्र लिहिलं. त्याच्या हिशोबाने हे दोनशेच्या आसपास कँटाटा लाइपझिगच्या सत्तावीस वर्षांत हळूहळू पसरलेले होते. त्यातले भजनांवर आधारलेले तर त्याने थेट १७३५ नंतर टाकले होते. चित्र छान होतं: म्हातारा, श्रद्धाळू बाख आयुष्यभर संथपणे देवाची सेवा करतोय. १९५० च्या दशकात आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन दादेल्सन यांनी हे चित्र मोडलं. कसं? त्यांनी संगीताकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिले कागदाचे वॉटरमार्क आणि नकला उतरवणाऱ्यांची अक्षरं. अमुक कागद अमुक महिन्यांत वापरला गेला, अमुक मुलाचं अक्षर इथपासून इथपर्यंत सापडतं, त्याची सा-पट्टीची खूण काढायची पद्धत मध्येच बदलली. असं हजारो पानांवरून जुळवत गेल्यावर निघालं की कँटाटांचा मोठा साठा पहिल्या काही वर्षांतच लिहिलेला आहे. आठवड्याला एक. ज्याला आपण आयुष्यभराची साधना समजत होतो ते तीन-चार वर्षांचं वेड होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी कोड वाचलाच नाही, लॉग वाचले. आणि ते लॉग कुणी लिहिले? वसतिगृहातल्या मुलांनी. त्यांना कल्पनाही नव्हती की शनिवारच्या आत पानं संपवताना आपण तारखा लिहून ठेवतोय. आधी या मुलांना नुसती अक्षरं-आकडे होते, 'मुख्य नकलनवीस अ', 'ब' वगैरे. पुढे हान्स-योआखिम शुल्झे यांच्यासारख्यांनी शाळेची जुनी कागदपत्रं चाळून अनेकांची नावं शोधली. 'अ' निघाला योहान आंद्रेयास कुनाउ, वारलेल्या कँटरचा पुतण्या, तेव्हा वीस वर्षांचा. 'ब' निघाला क्रिस्टियान गोटलोब माइसनर, सोळाच्या आसपासचा. पुढे तो स्वतः एका छोट्या गावात कँटर झाला. बाकी कित्येक अजूनही अनामिकच आहेत.

याच पानांवरून अजून एक भांडण चालू आहे. जोशुआ रिफ्किन या अमेरिकन संगीतकाराने १९८१ मध्ये दाखवलं की बहुतेक कँटाटांच्या जुळणीत प्रत्येक आवाजासाठी एकच पान आहे. एक सोप्रानो, एक आल्टो, एक टेनर, एक बास. म्हणून त्याचं म्हणणं, बाखचा 'कॉयर' म्हणजे मुळात चार जणच. विरोधक म्हणतात की एका पानावरून तिघे गाऊ शकतात, आणि बाखने स्वतः प्रत्येक तुकडीत किमान १२ आणि शक्यतो १६ गाणारे हवेत असं लिहिलंय. रिफ्किनचं उत्तर: ते हजेरीपटावरचे, एका वेळी गाणारे नव्हेत. हे भांडण मिटलेलं नाही. मला रिफ्किनची बाजू बरीच पटते, आणि कारण संगीताचं नाहीये. ज्याला प्रत्येक रविवारी कोण आजारी पडेल याची धास्ती आहे, तो टीमचा आकडा मागताना बफर धरूनच मागणार ना? पण ते असो. सोळा असोत की चार, मुलं तीच.

तर वर्षाची सुरुवात ३० मे १७२३, निकोलाय चर्च. कँटाटा बीडब्ल्यूव्ही ७५. (हे बीडब्ल्यूव्ही क्रमांक काळानुसार नाहीत, त्यामुळे क्रम शोधत बसू नका.) चौदा भाग, दोन खंडांत, एक प्रवचनाआधी आणि एक नंतर. स्कोअर स्वच्छ अक्षरात, लाइपझिगच्या नसलेल्या कागदावर, म्हणजे बहुधा क्योथेनहून तयार करूनच आणलेला. नवीन नोकरीच्या पहिल्या दिवशी आपण इस्त्रीचा शर्ट घालतो तसं. गावाला आवडल्याची नोंद आहे. पुढच्या रविवारी थॉमसमध्ये बीडब्ल्यूव्ही ७६, तोही चौदा भागांचा. तिसऱ्या रविवारी, १३ जूनला, त्याने वाइमारच्या दिवसांतला जुना बीडब्ल्यूव्ही २१ काढला. माणूसच आहे. या वर्षभरात त्याने जुनं पुष्कळ वापरलं, पण नवं त्याहून जास्त लिहिलं.

उन्हाळा आणि शरद असाच गेला. मग आला २८ नोव्हेंबर, अॅडव्हेंटचा पहिला रविवार, चर्चच्या वर्षाचा पाडवा. त्या दिवशी जुना बीडब्ल्यूव्ही ६१ केला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर बाखने लाइपझिगच्या प्रार्थनेचा क्रम स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलाय: आधी ऑर्गन, मग मोटेट, मग हे, मग ते. सहा महिने झाले तरी नव्या जॉइनीला चिठ्ठी लागतेच. हा कागद अजून टिकून आहे.

लाइपझिगच्या प्रथेप्रमाणे अॅडव्हेंटच्या उरलेल्या तीन रविवारी कँटाटा नसे. सुट्टी? छे. ती ख्रिसमसची तयारी. पुढचं वेळापत्रक पाहा. २५ डिसेंबर, शनिवार: बीडब्ल्यूव्ही ६३ (जुना, पण अवाढव्य), शिवाय लॅटिन मॅग्निफिकाट. २६ ला बीडब्ल्यूव्ही ४०, नवा. २७ ला ६४, नवा. १ जानेवारी १७२४ ला १९०, नवा, कर्णे-नगाऱ्यांसह. २ जानेवारी रविवार, १५३. ६ जानेवारी ६५, ज्यात पूर्वेकडून उंटांवरून येणाऱ्या राजांसाठी शिंगं, बासऱ्या, खास ओबो. ९ जानेवारी, १५४. सोळा दिवसांत सात. मोठ्या सणाला सकाळी एका चर्चमध्ये आणि दुपारी दुसऱ्या, म्हणजे तेच दोनदा. आणि मध्येच नवीन वर्षाचं ते दारोदार गाणं.

या यादीत २ जानेवारीचा बीडब्ल्यूव्ही १५३ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. इतर कँटाटांची सुरुवात प्रचंड गुंतागुंतीच्या समूहगानाने होते. इथे ते नाही. साधं चार आवाजी भजन, तेही सगळ्यांना आधीपासून येणारं. अशी तीन भजनं, बाकी एकट्या गायकांची कामं. वाद्यंही फक्त तंतुवाद्यं. मुलांसाठी जवळजवळ काहीच नवीन नाही. आदल्या दिवशी कर्णे-नगाऱ्यांत ओरडून घसे बसलेले, चार दिवसांवर उंट येऊन ठेपलेले. अभ्यासक याचा सरळ अर्थ लावतात की त्याने पोरांना विश्रांती दिली. बाख तिरसट होता, नगरसभेशी भांडायचा, एका वादकाशी तर तरुणपणी रस्त्यावर हातघाईवर आला होता. पण मुलांबद्दल त्याला काय वाटत होतं याचा पुरावा मला विचाराल तर मी हा १५३ दाखवीन. पत्रात नाही लिहिलं, वेळापत्रकात लिहिलं.

मग लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ. पुन्हा कँटाटा बंद, मधला फक्त २५ मार्चचा सण सोडून. या सहा आठवड्यांत त्याने 'सेंट जॉन पॅशन' उभा केला. ७ एप्रिल १७२४, गुड फ्रायडे. जवळपास दोन तासांचं संगीत, मध्ये प्रवचन. त्या रचनेवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, मी फक्त व्यवस्थापनाची बाजू सांगतो. बाखने शब्दांची पुस्तिका छापून घेतली, त्यात ठिकाण: थॉमस चर्च. आणि ३ एप्रिलला, चार दिवस आधी, नगरसभा म्हणाली की पाळी निकोलाय चर्चची आहे, तिथेच करायचं. बाखचं म्हणणं, पुस्तिका छापून झाल्यात, तिथल्या सज्जात जागा नाही आणि तिथलं हार्पसिकॉर्ड दुरुस्तीला आलंय. कुणालाही वाटेल की आता जुंपणार. पण नाही, नगरसभेने ठिकाण बदलल्याचं पत्रक छापून दिलं, सज्जात जागा करून दिली, हार्पसिकॉर्डही दुरुस्त करून दिलं, सगळं स्वतःच्या खर्चाने. खडूस क्लायंट कधीकधी असा वागतो, हेही नोंदवलं पाहिजे.

(जाता जाता: त्या वर्षी जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांचा ईस्टर ९ एप्रिलला आणि कॅथलिकांचा १६ एप्रिलला होता. प्रोटेस्टंट राज्यं पौर्णिमा खगोलशास्त्राने काढत, कॅथलिक ठरलेल्या कोष्टकाने. एकच कॅलेंडर, दोन लायब्ररी, आठवड्याचा फरक. पंचांगकर्त्यांच्या देशातल्या आपल्याला नवल वाटू नये.)

ईस्टरच्या तीन दिवसांना मात्र बहुतेक सगळं जुनं. रविवारी वाइमारचं, सोमवारी आणि मंगळवारी क्योथेनच्या राजासाठी केलेल्या शुभेच्छागीतांना नवे धार्मिक शब्द लावून. पॅशननंतर तिसऱ्या दिवशी नवीन काही द्यायला ना वेळ होता, ना मुलांच्यात जोर.

या मुलांबद्दल बाखने नगरसभेला अधिकृतपणे लिहिलं ते बऱ्याच उशिरा, २३ ऑगस्ट १७३० ला. तोवर संबंध बिघडले होते. आदल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी त्याने संगीताला नालायक ठरवलेली काही मुलंसुद्धा नगरसभेने भरती केली होती. ऑगस्टच्या सुरुवातीच्या सभेत तर कँटर काहीच काम करत नाही अशी तक्रार नोंदवली गेली. त्यावर हे निवेदन. सूर कोरडा, जवळजवळ ऑडिट रिपोर्टसारखा. वादक: गावाचे पगारी आठ, तेही कुशल कितपत ते सांगायला सभ्यता आड येते म्हणे. लागतात किमान अठरा. गायक: शेवटी मुलांची नावानिशी यादी आणि खाली बेरीज. १७ उपयोगी, २० अजून तयार व्हायचे, १७ निरुपयोगी. एकूण ५४. आणि मध्ये एक वाक्य येतं, की प्रत्येक आवाजाला किमान तीन मुलं हवीत, म्हणजे एखादा आजारी पडला तरी निदान मोटेट होईल. आणि आजार वारंवार होतातच, विशेषतः या दिवसांत, हे शाळेच्या डॉक्टरांनी औषधवाल्याकडे पाठवलेल्या चिठ्ठ्यांवरून दिसेलच. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पुरावा म्हणून जोडायला निघालेला बाख!

हे निवेदन आपण नेहमी बाखच्या नजरेने वाचतो: काय हा थोर माणूस आणि काय त्याच्या पदरी पडलेली पोरं. मला राहून राहून त्या यादीतल्या शेवटच्या सतरांकडे पाहावंसं वाटतं. बहुतेक गरीब घरची मुलं. फुकट शिकायला मिळतं म्हणून आईबापाने पाठवलेली. गळा नाही, ताल नाही, आणि सही कुणाची, तर बाखची. नगरसभा अशांना घेत होती ते संगीताच्या दृष्टीने चूक होतं, यात वाद नाही. पण त्यांना नाही घेतलं तर ती जाणार कुठे होती? बाखला गायक हवे होते आणि नगरसभा शाळा चालवत होती. एकाच ५५ खाटांवर दोघांचा हक्क. या निवेदनाला नगरसभेने काही उत्तर दिल्याचं सापडत नाही. त्याच वर्षी गेसनर हे नवे रेक्टर आले, त्यांनी बऱ्याच गोष्टी सुधारल्या, इमारतीचं कामही त्यांच्याच काळात झालं. पुढे त्यांनी एका लॅटिन ग्रंथाच्या टिपेत बाख तीस-चाळीस जणांना एकाच वेळी कसा सांभाळतो, कुणाला मानेने खूण करून, कुणाला पायाने ताल देऊन, कुणाला बोटाने दटावून, याचं वर्णन केलंय. बाखला काम करताना प्रत्यक्ष पाहणाऱ्या एका वरिष्ठाने लिहिलेलं ते फार जिवंत वर्णन आहे.

पण ते सगळं पुढचं. आपण १७२४ मध्येच राहू. ४ जूनला ट्रिनिटीचा रविवार झाला आणि बाखच्या लाइपझिगमधल्या पहिल्या वर्षाचं चक्र पूर्ण झालं. सुट्टी नाहीच. ११ जूनला दुसरं चक्र सुरू, या वेळी योजना अशी की दर कँटाटा एका प्रसिद्ध भजनावर बांधायचा. मूळ चाल एका आवाजाने लांब लांब सुरांत गायची आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती धावपळ करायची. बहुतेक आठवड्यांत ती चाल सोप्रानोंकडे असे, म्हणजे सगळ्यात लहान मुलांकडे. आणि ती त्यांना पाळण्यापासून पाठ. ११ जून, बीडब्ल्यूव्ही २०: चाल सोप्रानोंकडे. १८ जून, बीडब्ल्यूव्ही २: आल्टोंकडे. २४ जून, सेंट जॉनचा सण, बीडब्ल्यूव्ही ७: टेनरांकडे. दुसऱ्याच दिवशी २५ जून, बीडब्ल्यूव्ही १३५: बासांकडे. चार कँटाटांत चौघांची पाळी लावून झाली. पानं उतरवायला कुनाउ आणि माइसनर होतेच.